शाळेच्या आवारात पाळणा
(एका अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या हजेरीपटावर एखाद्या मुलीच्या नावापुढे महिनाभर अनुपस्थितीची खूण पडत राहते आणि मग एके दिवशी तिचे नाव पटावरून कमी होते. कारणाच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ एवढे दोन शब्द लिहिले की शाळेचे काम संपते. शिक्षण खात्याच्या भाषेत या प्रकाराला ‘गळती’ म्हणतात. शब्द मोठा सोयीचा आहे. घागर गळू लागली तर पाण्याला कोणी दोष देत नाही. घागरीला भोक कोठे पडले ते पाहिले जाते. शाळेच्या बाबतीत मात्र दोष पाण्याचाच ठरतो. मुलीला शिक्षणाची आवड नव्हती, आईबापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नव्हते, असे म्हणून चौकशी आटोपती घेतली जाते. घागरीला भोके अनेक आहेत. त्यांपैकी एकाच भोकाचा विचार आज करावयाचा आहे. त्या मुलीच्या कडेवर एक मूल आहे. कधी ते तिचे धाकटे भावंड असते, कधी तिचे स्वतःचे असते. त्याला दिवसभर कोणी सांभाळावयाचे या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज ती शाळेत येऊ शकत नाही, आणि ते उत्तर शोधणे हे आपले काम आहे असे शाळा मानीत नाही.

शिक्षण मोफत आहे असे म्हटले जाते तेव्हा फक्त फी मोफत असते. ज्या घरात प्रत्येक हाताची कमाई लागते, त्या घराला शाळेची खरी किंमत फीच्या रूपाने द्यावी लागत नाही. ती गमावलेल्या श्रमाच्या रूपाने द्यावी लागते. तान्ह्या मुलाला सांभाळणे हे श्रमच आहेत. त्यांची मजुरी कोणी देत नाही आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ते कोठे दिसत नाहीत, एवढ्यावरून ते श्रम नाहीत असे ठरत नाही. बारा-तेरा वर्षांची मुलगी शाळेत गेली तर तिच्या आईचा रोज बुडतो. सतरा वर्षांची मुलगी स्वतःचे बाळ टाकून शाळेत गेली तर सासूचा रोज बुडतो. घरातील माणसे हा हिशेब पाटीवर मांडत नसतील, पण तो त्यांना अचूक कळतो. तेव्हा अशा घरांना शिक्षणाचे महत्त्व पटवून देणारी भाषणे करणे म्हणजे उपाशी माणसाला अन्नाचे गुणधर्म समजावून सांगण्यासारखे आहे.

हे सत्य महाराष्ट्रात फार पूर्वी एका स्त्रीने ओळखले होते. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र घेऊन गेल्या आणि १९५७ मध्ये ते काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. तेथील वारली मुले शाळेत येत नसत. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. ती मुले दिवसभर काय करतात हे त्यांनी पाहिले. कोणी गुरे राखीत होते, कोणी भावंडे सांभाळीत होते. मग त्यांनी शाळाच मुलांच्या कामापर्यंत नेली. वस्तीच्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी, गुरांमागे माळावर भरणारी ती कुरणशाळा. आणि भावंडांच्या अडचणीवरचा उपाय म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. या योजनेला त्यांनी विकासवाडी असे नाव दिले. मोठी बहीण धाकट्या भावाला कडेवर घेऊनच घरून निघे, त्याला पाळणाघरात ठेवी आणि आपल्या वर्गात जाऊन बसे. आईचा रोज बुडत नसे, बाळाची आबाळ होत नसे आणि मुलीची शाळाही सुटत नसे. अर्थशास्त्राच्या जाड ग्रंथांना जे अवघड वाटते ते कोसबाडच्या टेकडीवर एका साध्या झोपडीत घडले होते.

पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले. पण नाव गेले तरी संपूर्ण कल्पना गेली नाही. अंगणवाडीतले शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आणि तेही दिवसातील काही तासांपुरते राहिले. आई कामावर आणि बहीण शाळेत असताना तान्हे मूल दिवसभर कोठे राहील, हा ताराबाईंनी सोडविलेला प्रश्न मागेच राहिला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भावंडे सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावे म्हणून दिवसाची संगोपन केंद्रे हवीत, असे स्पष्ट म्हटले. धोरणात एखादी गोष्ट लिहिली गेली की ती पार पडली असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला शाळेचा हक्क दिला. तथापि त्यांच्या कडेवरच्या मुलाची जबाबदारी कोणावर टाकली नाही. आणि ज्या वयात मुलगी स्वतःच आई होण्याचा धोका सर्वांत अधिक, त्या पंधरा ते सतरा या वयाला हा हक्कही शिवत नाही.

माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या आयांचा प्रश्न अमेरिकेने पुष्कळ आधी आणि उघडपणे हाताळला. त्या देशाच्या अनुभवात घेण्यासारखे काही आहे आणि टाळण्यासारखेही काही आहे. विसाव्या शतकात दीर्घकाळपर्यंत गरोदर विद्यार्थिनीला शाळेतून काढून टाकणे ही तेथील सर्रास चाल होती. १९७२ मध्ये शिक्षणात लिंगभेद करण्यास मनाई करणारा कायदा झाला. ‘टायटल नाइन’ या नावाने तो ओळखला जातो. १९७५ च्या नियमांनी गरोदर असलेल्या किंवा आई झालेल्या मुलीला शाळेबाहेर काढता येणार नाही असे ठरविले. तिच्यासाठी वेगळी शाळा काढली तर तेथे जायचे की नाही हे तिच्या इच्छेवर सोपविले, आणि त्या शाळेतील शिक्षण इतर शाळांच्या तोडीचे असले पाहिजे असेही बजावले. हा मोठा विजय होता. पण कायद्याने शाळेचे दार उघडले, दारापर्यंत पोचण्याची सोय केली नाही. बाळ कोठे ठेवावे याविषयी तो मौन बाळगून होता.

हे मौन अपघाताने आलेले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना स्त्रियांचे हात हवे होते तेव्हा, १९४३ ते १९४६ या काळात, अमेरिकेच्या केंद्र सरकारने स्वतःच्या पैशातून काही लाख मुलांसाठी पाळणाघरे चालविली. युद्ध संपले, स्त्रियांचे हात नकोसे झाले आणि पाळणाघरांचा निधी आटला. १९७१ मध्ये तेथील काँग्रेसने सर्व थरांतील मुलांसाठी देशव्यापी बालसंगोपनाचे विधेयक संमत केले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डिसेंबरात ते नाकारले. मुले कुटुंबात वाढवावयाची की समूहात, या वादात सरकारचे नैतिक वजन समूहाच्या पारड्यात पडेल, असा त्यांचा आक्षेप होता. सहा महिन्यांनी, १९७२ च्या जूनमध्ये, त्याच निक्सन यांनी टायटल नाइनच्या कायद्यावर सही केली. हक्क दिला आणि हक्क वापरण्याचे साधन नाकारले, असा हा व्यवहार झाला. उदारमतवाद आणि समाजवाद यांतील फरक समजून घेण्यास याहून सुबोध उदाहरण सापडणे कठीण. १९९६ च्या कायद्याने तर त्याहून पुढची पायरी गाठली. अविवाहित अल्पवयीन आईला सरकारी मदत हवी असेल तर तिने शाळेत गेलेच पाहिजे अशी अट घातली गेली. बाळासाठी जागा असेल तेथे अशी अट एक वेळ समजून घेता येईल. जागा नसेल तेथे तीच अट शिक्षा होऊन बसते.

तरीही अनेक शहरांनी आपापल्या बळावर सोय केली. न्यू यॉर्कच्या सार्वजनिक शाळांमध्ये विद्यार्थी मातापित्यांच्या मुलांसाठी मोफत पाळणाघरे चालतात. कॅलिफोर्नियाने २००० च्या सुमारास शाळांना यासाठी राखीव निधी दिला. डेट्रॉइटमधील कॅथरीन फर्ग्युसन अकादमी ही शाळा तर सर्वांत बोलकी आहे. जन्माने गुलाम असलेल्या आणि पुढे न्यू यॉर्कमध्ये गोरगरीब मुलांची रविवारची शाळा चालविणाऱ्या एका स्त्रीचे नाव तिला दिलेले होते. गरोदर मुली आणि लहान वयात आई झालेल्या मुली तेथे माध्यमिक शिक्षण घेत. त्यांची बाळे त्याच इमारतीत सांभाळली जात. शाळेच्या आवारात या मुलींनी शेती केली, शेळ्या पाळल्या, मधमाश्या ठेवल्या. ओसाड पडत चाललेल्या त्या उद्योगनगरीत ही शाळा हिरवी राहिली. २०११ मध्ये शहराच्या शाळांचा कारभार आर्थिक संकटामुळे राज्याने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती होता. त्याने बंद करावयाच्या शाळांच्या यादीत हिचे नाव घातले. एप्रिल महिन्यात विद्यार्थिनींनी शाळेतच ठाण मांडले. पोलिसांनी त्यांना पकडून नेले. आंदोलनाचा परिणाम असा झाला की शाळा बंद न करता खाजगी संस्थेकडे चालवावयास देण्यात आली. पण २०१४ मध्ये ती अखेर बंद पडलीच. कॅलिफोर्नियातही २००९ च्या काटकसरीत त्या निधीवरचे बंधन काढून घेतले गेले, आणि तो पैसा इतर गरजांकडे वळू लागला.

यातून निघणारा निष्कर्ष कठोर आहे. मूठभर दुर्दैवी मुलींसाठी म्हणून जी वेगळी सोय उभी राहते, तिच्यामागे मूठभरच मतदार असतात. सुगीच्या काळात तिचे कौतुक होते, दुष्काळात तिच्यावर पहिला घाव पडतो. सर्वांची असलेली सोय मोडावयाची तर सर्वांशी वैर पत्करावे लागते. म्हणून पाळणाघर हवे ते ‘अल्पवयीन मातांचे पाळणाघर’ म्हणून नव्हे; गावातल्या सर्व लहान मुलांचे पाळणाघर म्हणून.

आता महाराष्ट्राकडे वळावयाचे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेले होते. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली आई झालेल्या वा गरोदर होत्या. देशाचा आकडा ६.८ आहे. म्हणजे पुरोगामी म्हणविणारा महाराष्ट्र या बाबतीत देशाच्या सरासरीच्या मागे आहे. परभणी जिल्ह्यात बालविवाहाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आहे, बीडमध्ये चाळीस टक्क्यांच्या वर. याची कारणे शोधताना केवळ रूढीकडे बोट दाखवून भागणार नाही. ऊसतोडीच्या धंद्यात ‘कोयता’ म्हणजे एक माणूस नव्हे, नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीला. ज्या व्यवस्थेत लग्न हे रोजगाराचे परवानापत्र आहे, त्या व्यवस्थेत मुलीचे लग्न लवकर होणार. शिवाय आईबाप हंगामाला बाहेर पडले की वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवावयाची ही धास्ती असते. म्हणजे शेतमजुराच्या घरातील दारिद्र्य आणि साखरेच्या धंद्याची रचना या दोहोंनी मिळून ही माता घडविली आहे. त्या मुलीला एकटीला तिच्या नशिबावर सोडून देण्याचा नैतिक अधिकार या समाजाला उरत नाही.

पहिला आक्षेप असा घेतला जाईल की शाळेत पाळणा बांधला तर बालविवाहाला उत्तेजन मिळेल. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. पाळणाघर मिळते म्हणून कोणी लेकीचे लग्न लावीत नाही, जसे दवाखाना आहे म्हणून कोणी आजारी पडत नाही. अमेरिकेत पंधरा ते एकोणीस वयाच्या दर हजार मुलींमागे १९९१ मध्ये सुमारे ६२ बाळंतपणे होत. २०२२ मध्ये ती १४ च्या आत आली. ही घट शाळेतील पाळण्यांमुळे झाली असा दावा कोणी करू नये; तिची कारणे वेगळी आणि अनेक आहेत. पण आई झालेल्या मुलींना शाळेत सामावून घेतल्याने त्यांची संख्या वाढते, ही भीती त्या अनुभवाने खोटी ठरविली एवढे निश्चित म्हणता येते. त्याच देशात किशोरवयात आई झालेल्यांपैकी सुमारे निम्म्याच मुली बावीस वर्षांपर्यंत माध्यमिक शाळेची पदविका मिळवितात असे आढळले. इतर मुलींत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात होते. लग्न थांबविणे हे पहिले काम आहेच. पण जे थांबविता आले नाही, त्याचा दंड मुलीने का भरावा?

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले, १९७८ मध्ये ते अठरा झाले. २०१२ च्या कायद्याने अठराखालील मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा ठरला आणि त्याची माहिती असणाऱ्यावर ती पोलिसांना देण्याचे बंधन आले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीलाही यातून सूट नाही असे सांगितले. कायद्याचा हेतू मुलीचे रक्षण हाच आहे. पण व्यवहारात घरचे लोक पोलिसांच्या भीतीने मुलीला दवाखान्यापासून, शाळेपासून आणि प्रत्येक नोंदवहीपासून दूर ठेवतात. रक्षणाचा कायदा तिच्या भोवतीची भिंत बनतो. ही गाठ पाळणाघराने सुटणार नाही. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. कायद्याच्या दृष्टीने ती मुलगी गुन्हेगार नाही, गुन्ह्याची बळी आहे. आणि बळीला शाळेबाहेर काढावे असे कोणताही कायदा सांगत नाही. उलट २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने सज्ञान झाल्यानंतर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत, तो विवाह रद्द करून घेण्याचा अधिकार तिच्या हाती ठेवला आहे. हा अधिकार ती केव्हा वापरू शकेल? चार भिंतींत कोंडली असताना नव्हे. शाळेत येत असेल, मैत्रिणी असतील, कोणी बाई तिची विचारपूस करीत असतील, तरच त्या अधिकाराला अर्थ आहे. तेव्हा पोलिसांत तक्रार झाली असो वा नसो, मुलीचे शिक्षण अखंड राहिले पाहिजे, हे बालकल्याण समित्यांनी व शिक्षण खात्याने निःसंदिग्धपणे सांगावयास हवे.

तिसरा आक्षेप खर्चाचा. कारखान्यात स्त्रिया असतील तर पाळणाघर हवे, हे १९४८ च्या कारखाना कायद्याने मान्य केले. १९७६ मध्ये त्यासाठीची किमान संख्या तीस स्त्रियांवर आणली गेली. महाराष्ट्राच्या रोजगार हमीच्या कामांवर सावली आणि पाण्याबरोबर पाळणाघराचीही तरतूद होती. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. या तरतुदींतून पळवाटा काढल्या गेल्या हे खरे. पण तत्त्व मान्य झालेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला २४० दिवसांची प्रसूती व बालसंगोपन रजा देऊ केली, आणि ते योग्यच झाले. मग प्रश्न असा पडतो की डॉक्टरेट करणाऱ्या आईला जो न्याय, तो दहावीतल्या आईला का नाही? शाळेची इमारत उभी आहे, आवार आहे, बऱ्याच ठिकाणी दुपारचे जेवण शिजते. भर घालावयाची ती एका स्वच्छ खोलीची, दुधाची आणि सांभाळणाऱ्या दोन माणसांची. त्याच्या मोबदल्यात एक मुलगी शिकते, एका बाळाचे पोषण होते आणि एका आईचा वा सासूचा रोज वाचतो. एका खर्चातून तीन माणसांचे हित साधणारी सार्वजनिक गुंतवणूक वारंवार सापडत नाही.

येथे समाजवाद्यांनी एक दक्षता घेतली पाहिजे. सांभाळणाऱ्या त्या दोन माणसांना ‘मानधन’ देऊन राबवून घेण्याचा मोह सरकारला होईल. अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत तेच घडले. एका गरीब स्त्रीचे शिक्षण दुसऱ्या गरीब स्त्रीच्या स्वस्त श्रमावर उभारणे हा न्याय नव्हे. पाळणाघरातील सेविकेला प्रशिक्षण, वेतन आणि निवृत्तिवेतन मिळालेच पाहिजे. ही मागणी वेगळी नाही, त्याच मागणीचा भाग आहे.

तेव्हा मागण्या नेमक्या मांडावयास हव्यात. प्रत्येक माध्यमिक शाळेत, किंवा तिला लागून असलेल्या अंगणवाडीत, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दिवसभराचे पाळणाघर हवे. ते विद्यार्थिनींच्या भावंडांना, त्यांच्या स्वतःच्या मुलांना, शिक्षिकांच्या आणि गावातील मजूर स्त्रियांच्या मुलांना सारखेच खुले हवे. म्हणजे दाराशी कोणी कोणाकडे बोट दाखविणार नाही. बाळंतपणासाठी हजेरीत सूट आणि परीक्षेला बसण्याची पुन्हा संधी हवी. आणि लग्नानंतर मुलगी सासरी जाते हे लक्षात घेऊन सासरच्या गावातील शाळेने दाखल्याची अडवणूक न करता तिला प्रवेश दिला पाहिजे. नाही तर माहेरच्या शाळेत बांधलेला पाळणा रिकामाच हालत राहील. हे सारे योजनेच्या रूपाने नको. योजना एका अर्थसंकल्पात येते आणि दुसऱ्यात जाते, हे डेट्रॉइटने दाखविले आहे. ते कायद्याच्या रूपाने हवे.

कोसबाडला वारली मुले भावंडांना कडेवर घेऊन शाळेपर्यंत आली, कारण भावंडांसकट या असे त्यांना सांगणारे कोणी तेथे होते. आज हजेरीपटावर जिच्या नावापुढे खुणा पडत आहेत ती मुलगीही येईल. तिला एकटीने ये असे सांगणे आता थांबविले पाहिजे.